ब्याऐंशीव्या जागेवरचा शेरा

जैवमाहितीशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला प्रथिनाच्या रचनेचे मॉडेल करण्याचा प्रकल्प दिला, की विद्यार्थी बहुधा एखाद्या रोगाशी संबंधित प्रथिन निवडतात, कारण मग प्रस्तावना आपोआप लिहून होते. पुण्यात मी जो वर्ग घेते तिथे ही निवड मी विद्यार्थ्यांवर सोडत नाही. सगळ्यांना प्रथिन एकच, गाईच्या दुधातले आल्फा-लॅक्टाल्ब्युमिन. आणि ज्याच्या आधारे मॉडेल करायचे ते टेम्प्लेटही एकच, कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातले लायसोझाइम. याहून कितीतरी जवळची टेम्प्लेट प्रोटीन डेटा बँकेत, म्हणजे उलगडलेल्या प्रथिनरचनांच्या खुल्या संग्रहात, उपलब्ध आहेत, खुद्द गाईच्या प्रथिनाच्या स्फटिकरचनाही, म्हणजे स्फटिकावरच्या प्रयोगातून मिळालेल्या रचनाही, आहेत, पण त्या उघडायच्या नाहीत असा दंडक असतो. मॉडेल तयार झाले की प्रत्येकाचे काम वर्गातल्या दुसऱ्या एकाकडे जाते, तो त्यावर लेखी अभिप्राय देतो, आणि सगळे अभिप्राय माझ्याकडे जमा झाल्यावरच खरी रचना वर्गासमोर पडद्यावर येते. प्रकल्पाचे गुण मॉडेलला असतात तसेच या अभिप्रायालाही असतात. विद्यार्थ्यांना सुरुवातीला हे फार विचित्र वाटते.

या प्रथिनाच्या निवडीमागे एक जुनी हकिकत आहे. लायसोझाइमची त्रिमितीय रचना १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली. एखाद्या एन्झाइमची रचना उलगडण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे दोन वर्षांतच असे दिसून आले की गाईच्या आल्फा-लॅक्टाल्ब्युमिनमधला अमिनो आम्लांचा क्रम लायसोझाइमच्या क्रमाशी बराच जुळतो, ढोबळमानाने ३५ ते ४० टक्के. कामे मात्र दोघांची अगदी निराळी आहेत. लायसोझाइम जिवाणूंची भित्तिका फोडते, तर आल्फा-लॅक्टाल्ब्युमिन स्वतः काहीच फोडत नाही. लॅक्टोज तयार करणाऱ्या एन्झाइमला ते साथ देते. १९६९ मध्ये ब्राउन, नॉर्थ आणि फिलिप्स यांनी, अमेरिकेत या प्रथिनाचा क्रम काढणाऱ्या ब्रू, व्हॅनामन आणि हिल यांच्यासह, लायसोझाइमच्या रचनेवरून आल्फा-लॅक्टाल्ब्युमिनचे मॉडेल प्रसिद्ध केले. ते संगणकाच्या पडद्यावर केलेले नव्हते, तारांच्या सांगाड्यात हातांनी उभे केलेले होते. एका प्रथिनाच्या घडीवरून त्याच्या नातलगाची घडी काढण्याचा हा पहिला प्रयत्न मानला जातो. त्याचा ताळा मिळायला वीस वर्षे लागली. १९८९ मध्ये बबून माकडाच्या आल्फा-लॅक्टाल्ब्युमिनची नेमकी स्फटिकरचना आली. मॉडेलमधली एकूण घडी बरोबर निघाली आणि साखळीच्या शेवटाकडचा भाग चुकलेला निघाला. आज मॉडेलर किंवा स्विस-मॉडेल यांसारख्या साधनांनी तेच काम विद्यार्थी एका दुपारी करतात. ते कुठे चुकले असेल हे उत्तर न पाहता सांगणे मात्र १९६९ इतकेच अवघड राहिले आहे, आणि अभिप्रायाचे काम तेच आहे.

नव्या तुकडीकडून आलेले पहिले अभिप्राय वाचताना एक साचा लगेच ओळखू येतो. मॉडेल छान झाले आहे, चित्रे आकर्षक आहेत, निष्कर्ष थोडे सविस्तर हवे होते, तिसऱ्या पानावर शुद्धलेखनाची चूक आहे. यातले प्रत्येक वाक्य खरे असू शकते आणि तरीही त्या प्रथिनाविषयी त्यात एकही अक्षर नसते. हे अहवालाचे वाचन झाले, मॉडेलचे नव्हे. यामागे संकोच असतो हे उघड आहे; ज्याच्यासोबत वसतिगृहात राहायचे, ज्याच्या डब्यातले खायचे, त्याच्या कामावर लेखी बोट ठेवायचे हे आपल्याकडे कोणाला शिकवलेलेच नसते. परंतु मला त्याहून खोल अडचण दुसरीच वाटते. विद्यार्थ्याचा असा समज असतो की एखाद्याच्या कामात उणीव काढायची तर आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त आले पाहिजे, आणि शेजारी बसणाऱ्याइतकेच आपल्याला येते, तेव्हा आपण बोलणार काय. हा समज मोडायला उपदेशाचा उपयोग होत नाही. त्यासाठी शेरा कसा लिहायचा याचे बंधन घालावे लागते.

त्याआधी चित्रांविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण अभिप्राय मूग गिळून बसतो तो बऱ्याचदा चित्रांमुळे. प्रथिनाची साखळी फितीसारखी दाखवण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, ती जेन रिचर्डसन यांनी १९८१ मध्ये हाताने काढलेल्या रेखाटनांपासून पसरली. घडी समजण्यासाठी तिच्यासारखी दुसरी पद्धत नाही. पण फीत काढताना बाजूच्या साखळ्या लपतात, अणू लपतात, अणूंमधली धक्काबुक्की लपते, आणि सॉफ्टवेअरने टेम्प्लेटवरून जसेच्या तसे उचललेले भाग व निव्वळ अंदाजाने भरलेले भाग एकाच गुळगुळीत रंगात दिसतात. पाहणाऱ्याला सगळेच सारख्या खात्रीचे वाटते. म्हणून माझ्या वर्गात अभिप्राय देणाऱ्याला अहवालातल्या चित्रांवरून काही लिहिता येत नाही. मूळ फाइल स्वतःच्या संगणकावर उघडायची, फीत बंद करायची आणि अणू पाहायचे, हे सक्तीचे आहे.

शेऱ्यावर बंधन एकच आहे. प्रत्येक शेऱ्यात अमिनो आम्लाचा क्रमांक हवा, आणि तिथे शंका का आली हे त्याच वाक्यात हवे. ‘लूपचा भाग पटत नाही’ हा शेरा परत जातो (लूप म्हणजे साखळीचे सैल वळण). ‘अमुक ते अमुक या लूपमध्ये टेम्प्लेटपेक्षा तीन अमिनो आम्ले कमी आहेत, तरीही दोन्ही टोके टेम्प्लेटच्याच जागी ओढून धरली आहेत, त्यामुळे मधली साखळी ताणली गेली असावी’ हा शेरा राहतो. पहिला शेरा वाचून मॉडेल करणाऱ्याला फक्त वाईट वाटू शकते. दुसऱ्यावर तो काहीतरी करू शकतो. आणि तो शेरा चुकीचा असेल तर तसे दाखवूही शकतो.

क्रमांकाची सक्ती केल्यावर एक गंमत दरवर्षी होते, आणि ती मी आधी सांगून टाळत नाही. दुधात येणारे आल्फा-लॅक्टाल्ब्युमिन १२३ अमिनो आम्लांचे असते, पण पेशीत ते तयार होते तेव्हा त्याच्या सुरुवातीला १९ अमिनो आम्लांचा एक पत्ता जोडलेला असतो, जो प्रथिनाला पेशीबाहेर जाण्याच्या वाटेवर लावतो आणि मग कापला जातो. युनिप्रॉट या माहितीसंचात मोजणी त्या पत्त्यापासून सुरू होते, म्हणून तिथे लांबी १४२ दिसते. स्फटिकशास्त्राच्या शोधनिबंधांत ती कापल्यानंतरच्या साखळीपासून सुरू होते. परिणामी एकजण ज्याला ८२ म्हणतो त्याला दुसरा १०१ म्हणतो, आणि दोघेही काही काळ अत्यंत गंभीरपणे वेगवेगळ्या अणूंविषयी एकमेकांशी वाद घालतात. लायसोझाइमची तीच कथा आहे, तिथे फरक १८ चा आहे. हा घोळ दोघांनी मिळून निस्तरला की त्यांच्यातला निम्मा संकोच गेलेला असतो, कारण तोवर दोघेही एकच फाइल उघडून एकाच ओळीकडे बोट दाखवू लागलेले असतात.

अलाइनमेंटवरचे, म्हणजे दोन क्रम एकाखाली एक जुळवून मांडण्यावरचे, शेरे सर्वांत लवकर सुधारतात. दोन्ही प्रथिनांत गंधकाचे चार पूल आहेत, म्हणजे आठ सिस्टीन, ज्या अमिनो आम्लात गंधक असते ती. लायसोझाइममध्ये ते ६ आणि १२७, ३० आणि ११५, ६४ आणि ८०, ७६ आणि ९४ या जागांना जोडतात. गाईच्या आल्फा-लॅक्टाल्ब्युमिनमध्ये ६ आणि १२०, २८ आणि १११, ६१ आणि ७७, ७३ आणि ९१. दोन क्रम एकाखाली एक मांडताना ही आठ सिस्टीन जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांसारखी वापरायची, म्हणजे मधली दोरी कुठे आखूड पडते ते नुसत्या वजाबाकीने कळते. लायसोझाइममध्ये ११५ ते १२७ हे अंतर बाराचे आहे, आल्फा-लॅक्टाल्ब्युमिनमध्ये १११ ते १२० हे नऊचे. म्हणजे तीन अमिनो आम्ले नेमकी साखळीच्या शेवटाकडे गळालेली आहेत, आणि १९६९ च्या मॉडेलचा घसरलेला भागही तोच. ज्याला मॉडेलरच्या आज्ञावलीतले ओ की ठो कळलेले नाही असा विद्यार्थीसुद्धा ही वजाबाकी करू शकतो, आणि गळालेल्या जागा मॉडेल करणाऱ्याने हेलिक्सच्या, म्हणजे साखळीच्या स्क्रूसारख्या वळलेल्या भागाच्या, मधोमध दाखवल्या असतील तर त्या लूपकडे सरकवून पाहा, असे नेमके सुचवू शकतो.

ज्या शेऱ्यामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो याहून वेगळ्या जातीचा होता. वर्गात फारसे न बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीने दुसऱ्याच्या मॉडेलवर असे लिहिले होते: ८२ ते ८८ या सात जागांमध्ये पाच अ‍ॅस्पार्टेट आहेत, ८२, ८३, ८४, ८७ आणि ८८; लायसोझाइममध्ये याच जागांवर एकच आहे. अ‍ॅस्पार्टेटवर ऋणभार असतो. मॉडेलमध्ये ८२, ८७ आणि ८८ यांची तोंडे एकमेकांकडे आहेत आणि त्यांच्यामध्ये काहीही नाही. इतके ऋणभार रिकाम्या जागेभोवती कशासाठी जमतील? तिथे काय आहे?

तिथे कॅल्शियम आहे. आल्फा-लॅक्टाल्ब्युमिन कॅल्शियमचा एक आयन घट्ट धरून ठेवते ही गोष्ट १९८० मध्ये उघडकीस आली, म्हणजे तारांचे मॉडेल प्रसिद्ध झाल्यानंतर अकरा वर्षांनी. त्या आयनाभोवतीच्या लूपची रचना १९८६ मध्ये दिसली: ८२, ८७ आणि ८८ या अ‍ॅस्पार्टेटच्या बाजूच्या साखळ्या, ७९ आणि ८४ या जागांवरचे मुख्य साखळीतले ऑक्सिजन, आणि पाण्याचे दोन रेणू. कोंबडीच्या लायसोझाइममध्ये कॅल्शियम नाही. ८२, ८७ आणि ८८ यांच्या समोर तिथे सेरीन, अ‍ॅलानीन आणि पुन्हा सेरीन येते. गंमत अशी की घोड्याच्या आणि कबुतराच्या लायसोझाइममध्ये कॅल्शियम आहे, म्हणजे टेम्प्लेट म्हणून कोंबडीऐवजी घोडा निवडला असता तर हा प्रश्न कदाचित कोणाला पडलाही नसता.

त्या विद्यार्थिनीला यातले काही ठाऊक नव्हते. मी मुद्दाम चौकशी केली, तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, मी फक्त दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून डी हे अक्षर कुठे कुठे येते ते रंगवले.’ क्रम लिहिताना डी म्हणजे अ‍ॅस्पार्टेट. मला हा शेरा आदर्श वाटतो तो याचसाठी. तिने उत्तर दिले नाही, मॉडेल चूक आहे असेही म्हटले नाही. क्रम आणि मॉडेल या दोन गोष्टी एकमेकींशी विसंगत बोलत आहेत एवढे तिने दाखवले आणि जागा सांगितली. मॉडेल करणाऱ्यापेक्षा तिला जास्त येत होते असे मुळीच नव्हते, पण ती त्या मॉडेलच्या प्रेमात नव्हती, आणि सहाध्यायाकडून मिळणाऱ्या अभिप्रायाची खरी किंमत मला तरी यातच दिसते. ज्याने रात्री दोनपर्यंत जागून फाइल चालती केली आहे, त्याच्या दृष्टीने फाइल चालणे हाच पुरावा झालेला असतो.

अशा शेऱ्यांपासून बचाव करायला विद्यार्थी आकडे पुढे करतात, आणि अभिप्राय देणारे आकड्यांपुढे फार लवकर नमते घेतात. त्यांत सर्वाधिक मान आरएमएसडी या आकड्याला मिळतो, म्हणजे दोन रचना एकमेकींवर ठेवल्यावर त्यांच्या अणूंमध्ये उरणारे सरासरी अंतर. मॉडेल आणि टेम्प्लेट यांच्यातला आरएमएसडी अगदी लहान आला असे अहवालात ठळक अक्षरांत असते. तो लहान येणारच. मॉडेल टेम्प्लेटवरूनच तर उचलले आहे. नक्कल उत्तम झाली एवढेच त्यातून सिद्ध होते. शिवाय पायमॉल या सॉफ्टवेअरमधली अलाइन ही आज्ञा आपणहून पाच फेऱ्या करते आणि प्रत्येक फेरीत न जुळणाऱ्या जोड्या हिशेबातून वगळते, त्यामुळे जिथे मॉडेल घसरले आहे नेमक्या त्याच जागा आकड्यात मोजल्या जात नाहीत. किती अणूंवर हा आकडा काढला, हा प्रश्न विचारणारा शेरा वर्गात एकदा तरी यावा अशी माझी इच्छा असते आणि आता तो बहुतेक वेळा येतो. डोप या, मॉडेलची ऊर्जा अंदाजणाऱ्या, गुणांकाचेही तसेच आहे. एकाच प्रथिनाच्या पाच मॉडेलांतून एक निवडायला तो उपयोगी पडतो, पण तो एकटा पुढे ठेवून ‘मॉडेल चांगले आहे’ असे म्हणता येत नाही.

रामचंद्रन आलेखाविषयी बोलताना मात्र माझा स्वर थोडा बदलतो, हे मला कबूल आहे. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांनी रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठात हा आलेख मांडला. साखळीतले दोन कोन कोणत्या जोड्यांत शक्य आहेत आणि कोणत्या जोड्यांत अणू एकमेकांवर आदळतील, एवढ्या साध्या विचारावर तो उभा आहे, आणि आजही जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत नवी रचना तयार झाली की ती याच आलेखातून तपासली जाते. पण तो अशक्य काय ते सांगतो, खरे काय ते नाही. चांगल्या टेम्प्लेटवरून केलेल्या मॉडेलला त्याचे कोन वारशात मिळतात, म्हणून ९५ टक्क्यांहून अधिक अमिनो आम्ले मान्य क्षेत्रात असणे ही मॉडेल करणाऱ्याची कर्तबगारी नसते. अभिप्रायात उपयोग होतो तो क्षेत्राबाहेर पडलेल्या दोन-चार ठिपक्यांचा. ते कोणत्या क्रमांकाचे आहेत, ग्लायसीन आहेत का, गळालेल्या जागेच्या शेजारचे आहेत का, हे पाहायचे.

नुसते आतल्या आत सुसंगत असणे किती फसवे ठरू शकते याचे एक जगजाहीर उदाहरण मी दरवर्षी सांगते. पेशीच्या पटलातून पदार्थ बाहेर फेकणाऱ्या एमएसबीए या प्रथिनाच्या रचना २००१ पासून अत्यंत नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका गटाने त्याच कुळातल्या दुसऱ्या प्रथिनाची रचना काढली आणि ती या रचनांशी मुळीच जुळेना. शोध घेतल्यावर कळले की मूळ प्रयोगशाळेतल्या एका घरगुती संगणक-आज्ञावलीत आकड्यांचे दोन स्तंभ अदलाबदल झाले होते, त्यामुळे चिन्ह उलटले आणि रचनेचा डावा-उजवा भेदच फिरला. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून शोधनिबंध मागे घ्यावे लागले, एकूण पाच. ती रचना प्रयोगातून आलेली होती, मॉडेल नव्हती, तेव्हा तुलना पूर्ण लागू पडत नाही. तरी हे ऐकल्यावर दुसऱ्याची फाइल मुळापासून उघडून पाहण्यात विद्यार्थ्यांना अविश्वास वाटेनासा होतो.

आता अल्फाफोल्डकडे, म्हणजे नुसत्या क्रमावरून प्रथिनाच्या रचनेचा अंदाज देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीकडे, वळणे भागच आहे, कारण पहिल्याच तासाला कोणीतरी विचारते की हे सगळे कशासाठी, गाईचे आल्फा-लॅक्टाल्ब्युमिन अल्फाफोल्डच्या संचात आयते मिळते. प्रश्न रास्त आहे. २०२० च्या कॅस्प या अंदाज-परीक्षेत अल्फाफोल्ड २ ने सगळ्यांना मागे टाकले, २०२२ पर्यंत त्याच्या संचात २० कोटींहून अधिक रचना जमा झाल्या, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये डेविड बेकर यांच्याबरोबर डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांचा समावेश झाला. म्हणून प्रकल्पाच्या दुसऱ्या भागात मी ती फाइलही देते आणि तिच्यावरही सहाध्यायाचा अभिप्राय मागते. मॉडेल आता विद्यार्थ्याचे नसते, त्यावरचे स्पष्टीकरण मात्र त्याचे असते, आणि अभिप्राय त्या स्पष्टीकरणावर द्यायचा असतो.

इथे चुका निराळ्या होतात. अल्फाफोल्ड प्रत्येक जागेसाठी आपला आत्मविश्वास शंभरपैकी गुणांत देते. ९० च्या वर गडद निळा, ५० च्या खाली नारिंगी असे संचाच्या पानावर रंग असतात. फाइलमध्ये हे गुण ज्या रकान्यात ठेवले जातात, त्या रकान्यात स्फटिकरचनेच्या फाइलमध्ये अणूंच्या डळमळीचा आकडा असतो. म्हणजे एका फाइलमध्ये मोठा आकडा चांगला, दुसऱ्यात मोठा आकडा वाईट. त्यात भर म्हणून पायमॉलमध्ये त्या रकान्यावरून सरळ रंग दिले तर लहान आकडा निळा आणि मोठा तांबडा होतो, बरोबर संचाच्या उलट. एका अहवालात सगळा गाभा तांबडाभडक दाखवून ‘हा भाग अनिश्चित आहे’ असे लिहिलेले होते, आणि अभिप्राय देणाऱ्याने शेरा दिला तो असा: गाभ्यात गंधकाचे पूल आहेत, गाभाच अनिश्चित असेल तर निश्चित काय उरले, रंगांची पट्टी तपासावी. दुसऱ्या एका अहवालात सुरुवातीच्या, गोळ्यापासून सुटलेल्या १९ अमिनो आम्लांना ‘कार्यासाठी महत्त्वाचा लवचीक हात’ असे म्हटले होते. तो हात दुधात पोहोचण्याआधीच कापला जातो, हे शेजारणीने एका ओळीत कळवले. आणि ‘सक्रिय स्थान लायसोझाइमसारखेच जतन झाले आहे’ हे वाक्य तर हमखास येते, जेव्हा की लायसोझाइमच्या कामाला अनिवार्य असलेले ३५ वे ग्लुटामेट आल्फा-लॅक्टाल्ब्युमिनमध्ये त्या जागी नाहीच. कॅल्शियमही अल्फाफोल्ड २ च्या फाइलमध्ये नाही. अ‍ॅस्पार्टेटची बैठक आहे, मधली जागा रिकामी, आणि आत्मविश्वासाचे रंग त्या रिकाम्या जागेविषयी काहीच बोलत नाहीत.

शेरे कोणत्या भाषेत लिहायचे यावर मी बंधन घालत नाही. अहवाल इंग्रजीत असतो, अभिप्राय मराठीत लिहिलेला चालतो, आणि मराठीत लिहिलेले शेरे मला बहुधा लांब आणि थेट आढळले आहेत. इंग्रजीत तेच विद्यार्थी ठरावीक सौजन्याच्या दोन वाक्यांत अडकतात. प्रत्येक शेऱ्याला मॉडेल करणाऱ्याने लेखी उत्तर द्यायचे असते, मान्य किंवा अमान्य, आणि अमान्य असेल तर कशावरून. अमान्य करणाऱ्याचे गुण कापले जात नाहीत हे दोन-तीनदा सांगावे लागते. आपल्याकडे प्रत्येक सूचनेला ‘हो, करतो’ म्हणण्याची इतकी सवय असते की चुकीच्या सूचनाही निमूटपणे अमलात आणल्या जातात आणि चांगले मॉडेल बिघडते.

मग स्फटिकरचना उघडण्याचा दिवस येतो. त्या दिवशी मॉडेलबरोबर अभिप्रायांचाही निकाल लागतो, कारण अभिप्राय हाही एक अंदाजच होता: अमुक जागी हे मॉडेल चुकले असेल. कॅस्पची परीक्षा १९९४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिचे सगळे वजन याच अटीवर आहे, की उत्तर प्रसिद्ध होण्याआधी अंदाज जमा झाला पाहिजे. मी ती अट फक्त परीक्षकालाही लावली. याचा एक परिणाम मला अपेक्षित नव्हता. सगळीकडेच शंका आहे असे लिहून सुरक्षित राहणारे अभिप्राय पहिल्यांदा उघडे पडतात, कारण ज्याने १२३ पैकी शंभर जागांवर बोट ठेवले त्याने काहीच सांगितलेले नसते. ज्याने चार जागा धरल्या आणि त्यांतल्या दोन खऱ्या निघाल्या, त्याच्याकडे वर्ग वळून पाहतो.

पण स्फटिकही प्रत्येक वेळी एका तोंडाने बोलत नाही. १०५ ते ११० हा भाग आल्फा-लॅक्टाल्ब्युमिनमध्ये चंचल म्हणून प्रसिद्ध आहे. १९९६ मध्ये गिनीपिग, बकरी आणि गाय यांच्या प्रथिनांच्या रचना एकत्र प्रसिद्ध झाल्या तेव्हा या भागाची लवचीकता ठळकपणे पुढे आली. काही स्फटिकांत तो हेलिक्ससारखा वळलेला दिसतो, काहींत सैल लूप होऊन पडलेला. गेल्या तुकडीत नेमक्या याच सहा जागांवर दोघांचे जुंपले. अभिप्राय देणाऱ्याचे म्हणणे होते की इथे हेलिक्स दाखवणे चूक आहे, मॉडेल करणाऱ्याने शेरा अमान्य केला होता. मी पडद्यावर जी रचना उघडली तिच्यात मॉडेल करणारा जिंकला, आणि अभिप्राय देणाऱ्याने तिथल्या तिथे दुसरी फाइल उतरवून दाखवली तिच्यात तो. त्यानंतर आठवडाभर दोघे माझ्या खोलीत ये-जा करत होते. शेवटी त्यांनी एक तक्ता आणून दिला: कोणत्या प्राण्याचे प्रथिन, कॅल्शियम आहे की नाही, १०५ ते ११० कसे दिसते, आणि स्फटिक किती पीएचला वाढवला होता. शेवटच्या रकान्यात दोन घरे रिकामी होती. त्या निबंधांच्या पूर्ण प्रती ग्रंथालयातून मागवायला सांगितल्या आहेत, आणि गुणपत्रिकेत दोघांच्या त्या शेऱ्यापुढची जागा तोवर मी भरलेली नाही.